हजारदा लिहिता येते, म्हणजे टिकते असे नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरात साठलेल्या जुन्या सीडी-डीव्हीडींचे काय करावे, यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. तबकड्या कशा पुसाव्यात, कोणत्या आधी कॉपी करून घ्याव्यात, हे सगळे ठीकच सांगितले आहे. पण लेखाच्या तळाशी जी चौकट आहे, तिच्यातला एक सल्ला वाचून राहवेना. साध्या सीडीवर एकदाच लिहिता येते, रिरायटेबलवर, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूवर, हजार वेळा. तेव्हा रिरायटेबलच अधिक दणकट, म्हणून जपून ठेवायची गाणी, फोटो, कागदपत्रे तिच्यावरच ठेवावीत, असे तिथे म्हटले आहे. हे साफ उलटे आहे. या भरवशावर कोणी मूळ फाइल पुसून टाकण्याआधी हे पत्र छापून यावे, म्हणून घाईने लिहीत आहे.

मी समूहगान शिकवते. नवे गाणे बसवायला घेतले की प्रत्येक गटाची ओळ वेगळी गाऊन रेकॉर्ड करायची, मग सगळे मिळून कसे ऐकू येते तेही रेकॉर्ड करायचे आणि ज्याच्या-त्याच्या हातात घरी सरावाला सीडी द्यायची, ही माझी जुनी पद्धत. गाणे बसले की सीडी परत येते, पुसली जाते, पुढचे गाणे तिच्यावर चढते. फोनवर का पाठवत नाही, असे तरुण मंडळी विचारतात. पाठवतेही. पण फोनवर सराव करताना मधल्या ताना-आलापांत कोणाचा तरी निरोप टुणकन येऊन पडतो आणि सरावाची वाट लागते. सीडी प्लेअर बिचारा एका वेळी एकच काम करतो. सांगायचे एवढेच, की सीडी-आरडब्ल्यूशी माझे वाकडे नाही, ती माझ्या रोजच्या कामाची वस्तू आहे. तिच्या गळ्यात नको ते काम मारले जाते, ही तक्रार आहे.

आता तो हजाराचा आकडा कुठून येतो ते पाहू. एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी-आरमध्ये सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो. लेसरच्या उष्णतेने तो जागोजागी कायमचा बदलतो. पुन्हा पूर्ववत होणे नाही. आरडब्ल्यूमध्ये रंग नसतो, मिश्रधातू असतो: चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा. या मिश्रणाची गंमत अशी, की ते दोन रूपांत राहू शकते. लेसरने एखादा ठिपका ५०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून वितळवला आणि तो चटकन थंड झाला, तर अणूंना जागेवर बसायला वेळच मिळत नाही. ते अस्ताव्यस्त राहतात आणि ठिपका मंद दिसतो. तोच ठिपका त्याहून कमी, २०० अंशांच्या आसपास तापवला, की अणू स्फटिकासारखे ओळीत बसतात आणि ठिपका उजळ होतो. मंद आणि उजळ ठिपक्यांची केंद्राजवळून काठाकडे गोल गोल जाणारी माळ म्हणजे आपले गाणे. तबकडी पुसायची म्हणजे सगळे ठिपके पुन्हा उजळ करायचे.

हे वितळणे-गोठणे मिश्रधातू साधारण हजार वेळा सोसतो, एवढाच त्या हजाराचा अर्थ. एकदा लिहिलेले किती वर्षे वाचता येईल, याच्याशी त्याचा संबंध नाही. उलट, अस्ताव्यस्त बसलेल्या अणूंचा कल संधी मिळेल तेव्हा ओळीत बसण्याकडेच असतो आणि उष्णता ही ती संधी. उन्हात उभ्या गाडीतला डॅशबोर्ड तबकडीला वाईट तो यासाठीही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयएसटीने, २००३ साली ग्रंथालयांसाठी व अभिलेखागारांसाठी सीडी-डीव्हीडी हाताळण्याची पुस्तिका काढली. तिच्यात उत्पादकांचा अंदाज दिला आहे तो असा: एकदाच लिहायच्या तबकड्यांना १०० ते २०० वर्षे, पुन्हा लिहायच्या तबकड्यांना २५ वर्षे किंवा थोडी अधिक. कंपन्यांच्या तोंडचे आकडे मी निम्मे करूनच ऐकते, पण दोहोंतली तफावत तर दिसते ना? दीर्घकाळ जतन करण्यासाठी आरडब्ल्यूचा विचार सहसा करत नाहीत, असेही त्या पुस्तिकेत सरळ म्हटले आहे. शिवाय माणसाचा हात आहेच. जी तबकडी पुसता येते, ती कधीतरी पुसली जाते. कोणी तरी "रिकामी वाटली" म्हणून ड्राइव्हमध्ये घालतो आणि खेळ संपतो.

दुसरी अडचण वाजवताना येते. खिडकीशी जाऊन सीडी-आर आणि सीडी-आरडब्ल्यू शेजारी-शेजारी पालथ्या धरा. पहिलीच्या पोटाला हिरवट, निळसर किंवा सोनेरी झाक दिसेल. दुसरी गडद राखाडी, जरा मळकटच. हा फरक दिसण्यापुरता नाही. कारखान्यात छापलेली सीडी लेसरचा निदान ७० टक्के प्रकाश परत फेकते, आरडब्ल्यू जेमतेम १५ ते २५ टक्के. सीडी बाजारात आली १९८२ साली, आरडब्ल्यू १९९७ च्या सुमारास. मधल्या काळात बनलेल्या प्लेअरना एवढा अंधुक प्रकाश वाचायची सवयच नाही. असा प्लेअर तबकडी फिरवतो, थांबतो, पुन्हा फिरवतो, दांडी पुढे-मागे सरकल्याचा बारीक आवाज येतो आणि शेवटी 'नो डिस्क' असे दाखवून मोकळा होतो. लोक म्हणतात सीडी खराब निघाली. सीडीला काहीही झालेले नसते. म्हणून माझ्या वर्गात कोणी नवे आले, की आधी त्यांच्या घरच्या प्लेअरमध्ये एक आरडब्ल्यू लावून पाहायला सांगते. वाजली तर ठीक, नाही तर त्यांना साधी सीडी-आर. वाद घालत बसण्यात अर्थ नसतो. गाडीतल्या प्लेअरचेही तेच.

विकत घेताना लोक डबीवरची एमबी आणि मिनिटे तेवढी वाचतात. ७०० एमबी, ८० मिनिटे. ते तर आता जवळपास सगळ्यांवर सारखेच असते. पाहायचा असतो तो वेग. सीडी-आरडब्ल्यूचे वेगाचे वर्ग आहेत: पहिल्या पिढीतल्या ४ पटीपर्यंतच्या, मग हाय स्पीड, मग २४ पटीपर्यंत जाणाऱ्या अल्ट्रा स्पीड. १ पट म्हणजे सेकंदाला १५० केबी. वेगवान तबकडी घेतली की हळू कामालाही चालेलच, असे वाटते. इथे तसे नाही. या तबकड्यांना वरची मर्यादा असते तशी खालचीही असते, कारण ठिपका किती तापायचा आणि किती झटकन निवायचा याचे गणित त्या-त्या वेगाला बांधलेले असते. जुना रायटर हाय स्पीडची तबकडी वाचेल, पण तिच्यावर लिहिणार नाही. आणि डब्यांवर मोठ्या अक्षरात छापतात तो वरचा आकडा. खालचा शोधायला भिंग लागते. उत्पादकांनी दोन्ही आकडे सारख्याच टायपात छापावेत, ही मागणी मी या पत्राच्या निमित्ताने करून ठेवते.

डीव्हीडीतही पुन्हा लिहायच्या जाती आहेत. उणे आरडब्ल्यू (-RW), अधिक आरडब्ल्यू (+RW), दोघींत ४.७ जीबी मावतात (संगणक ते ४.३८ दाखवतो, त्याची मोजायची रीत वेगळी, कोणी फसवलेले नसते). आजचे बहुतेक ड्राइव्ह दोन्ही चालवतात, त्यामुळे त्यावर डोके शिणवू नये. डीव्हीडी-रॅम मात्र वेगळीच असामी: लाखभर वेळा लिहिता येते आणि बिघडलेली जागा ती स्वतः वगळते. पण ती वाचणारे यंत्र समोरच्याकडे असेल याची खात्री नाही, म्हणून देण्याघेण्याच्या कामाची नाही. ब्लू-रेच्या पुन्हा लिहायच्या बीडी-आरईवर २५ जीबीपासून पुढे मावते. फक्त एक ध्यानात असू द्या, की हा बाजार आटतो आहे. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्ड करायच्या ब्लू-रे तबकड्या आणि मिनिडिस्क यांचे उत्पादन थांबवले.

आता खरा घोळ होतो त्या जागेकडे येते. रिकामी आरडब्ल्यू संगणकात घातली, की तो विचारतो: पेन ड्राइव्हसारखी वापरायची, का सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? बहुतेक जण पहिला पर्याय दाबतात, कारण तो सोपा वाटतो. फाइल उचलायची, तबकडीवर टाकायची, नको झाली तर उडवायची. सोय आहे खरी, पण तिची किंमत आहे. जुन्या पद्धतीच्या या पॅकेट रायटिंगमध्ये, म्हणजे तुकड्या-तुकड्याने लिहिण्यात, माहितीच्या प्रत्येक ३२ खणांमागे ७ खण नुसत्या जोडकामात जातात, म्हणून ७०० एमबीच्या सीडीवर प्रत्यक्षात साडेपाचशे-पावणेसहाशेच हाती येतात. अशी तबकडी घरच्या म्युझिक प्लेअरमध्ये मुळीच वाजत नाही. आणि मुख्य गोष्ट पुढेच आहे: कोणती फाइल कुठे आहे याची यादी तबकडीच्या ठरावीक भागात असते आणि कोणतीही फाइल हलली की ती यादी पुन्हा लिहिली जाते. गाण्यांचा भाग दोन-चारदाच लिहिलेला, पण यादीचा भाग शेकडो वेळा भाजून निघालेला. मग एके दिवशी यादीच वाचता येत नाही. गाणी जागेवर धडधाकट आहेत, पण त्यांच्यापर्यंत जायची वाट बंद. 'इजेक्ट' न म्हणता मध्येच बटण दाबून तबकडी बाहेर काढली तरी हेच होते, हजाराची वाट पाहावी लागत नाही.

मी तो पर्याय वापरत नाही. काय ठेवायचे ते आधी एका फोल्डरमध्ये नीट लावायचे, मग एका दमात राईट करायचे, व्हेरिफाय करायचे, बाहेर काढायचे. बदल हवा असेल तर पूर्ण पुसून पुन्हा. वेळ लागतो, मान्य. ४ पटीने पूर्ण सीडी लिहायला २० मिनिटे जातात. तेवढ्या वेळात पुढच्या गाण्याचे शब्द फळ्यावर लिहून होतात.

आणखी एक बारकावा, जो कुठे लिहिलेला दिसत नाही. सीडीवर लेखन आतल्या कडेने सुरू होऊन बाहेर जाते. दर वेळी तुम्ही पंधरा-वीस मिनिटांचेच गाणे लिहीत असाल, तर प्रत्येक वेळी केंद्राजवळचा तोच पट्टा वापरला जातो आणि बाहेरचा भाग कोराच राहतो. तबकडी नवीकोरी दिसते आणि चुका मात्र पहिल्याच ट्रॅकपासून. म्हणून मी पाच-सहा तबकड्यांचा संच आलटून-पालटून फिरवते. केंद्राच्या पारदर्शक कड्यावर पाण्यात विरघळणाऱ्या शाईच्या पेनाने फक्त क्रमांक. वर कागदी लेबल चिकटवायचे नाही. ते एका बाजूला उचलले गेले की वेगाने फिरणारी तबकडी डगमगते आणि ओढून काढायला गेलात तर खालचा थर सोबत येतो. लोक तबकडीच्या पोटाकडची बाजू जपतात आणि पाठ खुशाल टेबलावर घासतात. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर, पण माहितीचा थर अगदी पाठीलगत, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. पोटाच्या ओरखड्यावर इलाज असतो, पाठीच्या नाही. आणि पुसायचे ते केंद्राकडून काठाकडे सरळ. गोल फिरवून नाही, कारण गोल ओरखडा माळेबरोबरच पळतो आणि सलग सगळे खातो.

संगीतापुरते थोडे अधिक बोलते, क्षमस्व. एकाच ७०० एमबीवर ऑडिओ सीडी केली तर ८० मिनिटे, १२८ केबीपीएसचे एमपीथ्री टाकले तर बारा तासांहून जास्त. हा फरक पाहून लोक हरखतात. पण ऑडिओ सीडीत दर सेकंदाला डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूच्या आवाजाचे ४४,१०० नमुने जसेच्या तसे असतात. एमपीथ्रीत कानाला कळणार नाही असे समजून बरेच गाळलेले असते. सरावाला एमपीथ्री पुरे. मूळ ध्वनिमुद्रण मात्र काही न गाळणाऱ्या वेव्ह किंवा फ्लॅक फाइलमध्येच ठेवावे. एमपीथ्रीवरून पुन्हा ऑडिओ सीडी केली तर गाळलेले परत येत नाही. आणि मूळ ठेवताना ऑडिओ सीडी करू नये, फाइलच्या रूपात डेटा म्हणून ठेवावे. ऑडिओ सीडी वाजवताना वाचता न आलेला नमुना प्लेअर शेजारच्यांवरून अंदाजाने भरून काढतो. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. डेटाला असा अंदाज चालत नाही, म्हणून प्रत्येक २,०४८ बाइटच्या तुकड्यामागे चूक ओळखायची आणि दुरुस्त करायची जादा सोय असते. सलग मैफल असेल तर राईट करताना 'डिस्क-ॲट-वन्स' (सगळी तबकडी एका दमात लिहायचा पर्याय) निवडा, नाही तर दोन ट्रॅकांमध्ये दोन सेकंदांची शांतता घुसते आणि समेवर येता-येता गाणे तुटते. ऑडिओ सीडी फायनलाईज केल्याशिवाय, म्हणजे लेखन पुरे झाल्याची नोंद करून ती बंद केल्याशिवाय, कोणाच्या हातात देऊ नये. संगणकावर वाजली तरी साध्या प्लेअरवर वाजणार नाही.

मराठीत फाइलची नावे द्यायची हौस मलाही आहे. सीडीवर त्यासाठी जी जोलिएट पद्धत वापरतात, तिच्यात ६४ अक्षरांची मर्यादा असते आणि 'स्त्री' हे आपल्याला एक जोडाक्षर दिसले तरी संगणक ते सहा मोजतो. त्यातून गाडीतला प्लेअर देवनागरीऐवजी चौकोन दाखवतो. मी नावाआधी ०१, ०२ असे आकडे टाकते, तेवढे कुठेही वाचता येतात.

राहिला लेखातलाच दुसरा सल्ला, नको असलेल्या रिरायटेबल तबकड्या 'इरेज' करून कोणाला तरी देऊन टाकाव्यात, हा. कोणते इरेज? क्विक इरेज मिनिटभरात होते, कारण त्यात फक्त अनुक्रमणिकेचा भाग जातो; फाइल आपापल्या जागी असतात आणि योग्य साधने असली तर बाहेर काढता येऊ शकतात. पुसलेली म्हणून माझ्याकडे आलेल्या एका तबकडीतून कोणाचा तरी पगाराचा तक्ता निघाला होता. तो मी न वाचता पूर्ण पुसला. पूर्ण इरेजला लिहिण्याइतकाच वेळ लागतो, तो द्यावा. सीडी फेकायचीच असेल तर पाठीवर चिकटपट्टी घट्ट दाबून खसकन ओढा, थर सोलून निघतो. कात्री लावणार असाल तर चष्मा घाला, तुकडे उडतात.

तेव्हा जे राहायलाच हवे ते चांगल्या प्रतीच्या एकदाच लिहायच्या तबकडीवर आणि शिवाय एखाद्या हार्ड डिस्कवर, दोन्हीकडे. दर काही वर्षांनी तबकडी ड्राइव्हमध्ये घालून सगळ्या फाइल उघडतात का ते पाहावे आणि वाचायला वेळ लागू लागला की नव्यावर उतरवून घ्यावे. रिरायटेबल ठेवा ती चालू कामाला. पुरवणीच्या संपादकांना विनंती, की चौकटीतले ते वाक्य दुरुस्त करून पुढच्या अंकात त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या टायपात छापावे.

आपली,
समूहगान शिकवणारी एक वाचक

ता. क. 'फॉर म्युझिक' असे छापलेल्या तबकड्यांवर आवाज अधिक गोड येतो, हाही एक समज आहे. संगणकावर राईट करणाऱ्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही. घरगुती ऑडिओ सीडी रेकॉर्डर नावाची जी स्वतंत्र यंत्रे निघाली होती, ती तबकडीवरची खास खूण सापडल्याशिवाय रेकॉर्डिंगच करत नाहीत, त्यांच्यासाठी त्या असतात. तसे यंत्र घरात असेल तरच घ्याव्यात.